एक मजकूर, तीन रूपं: फंक्शनल भाषेत त्यांचा मेळ कसा राखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅस्केल या फंक्शनल भाषेत, जिथे एकदा बनवलेला डेटा बदलत नाही, मराठी मजकुरासाठी एक छोटा संपादक लिहिला जातोय. एकाच रेकॉर्डमध्ये तीन गोष्टी आहेत: सगळा मजकूर, कोणती ओळ कुठून सुरू होते त्याचा तक्ता, आणि कोणता शब्द कोणत्या ओळींत येतो त्याची शब्दसूची. एक अक्षर टाइप केलं की तिन्ही नव्याने बांधल्या जातात. शंभर ओळींपर्यंत चालून जातं, लाखभर ओळींची फाइल उघडली की कर्सर अडखळतो. सी++ असतं तर एकमेकांकडे पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते) ठेवून जागच्या जागी बदल केला असता. इथे काही बदलताच येत नाही, तर मेळ राखायचा कसा? सरळ आयओरेफ (हॅस्केलमधला बदलता येणारा कप्पा) वापरू का?

आयओरेफचं शेवटी बघू.

आधी रेकॉर्डकडे बघा. तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी अशा बसवल्यात की जणू तिघी सख्ख्या बहिणी. प्रत्यक्षात ती एक आई आणि दोन मुली आहेत. मजकूर गेला तर सगळं गेलं. तक्ता किंवा शब्दसूची गेली तर मजकुरातून पुन्हा काढता येते. एकदा हे मान्य केलं की ‘तिघींचा मेळ कसा राखू’ हा प्रश्न उरतच नाही. उरतो तो एवढाच, की आई जराशी बदलली तर मुली स्वस्तात पुन्हा कशा काढायच्या. हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे आणि त्याची उत्तरंही तयार आहेत.

घरी शेती असेल तर सात-बारा आणि आठ-अ दोन्ही पाहिले असतील. सात-बारा गट क्रमांकावरून बघायचा: या गटाचे धारक कोण. आठ-अ खात्यावरून: या खातेदाराच्या नावावर गावात कोणकोणत्या जमिनी. माहिती तीच, शोधायची बाजू वेगळी. जमीन विकली गेली म्हणून कोणी आठ-अ उघडून थेट खाडाखोड करत नाही. आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद पडते. ती मंजूर झाली की तिचा अंमल दोन्हीकडे दिला जातो, तोही फक्त त्या गटापुरता आणि ज्या खात्यांना धक्का लागला तेवढ्यांपुरता. आख्खं गाव पुन्हा लिहून काढायची गरज पडत नाही. आणखी एक बघा: सात-बारावर खाते क्रमांक लिहिलेला असतो. कागदाला पॉइंटर माहीत नाही, त्याला क्रमांकच लागतो. तुमचीही गत कागदासारखीच आहे, आणि ती वाईट नाही.

पॉइंटर का चालत नाहीत ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढे मोह होणार नाही. न बदलणाऱ्या डेटात एक नोड (रचनेतली एक गाठ) ‘बदलायचा’ म्हणजे त्याची नवी प्रत काढायची. मग त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक नोडची नवी प्रत, आणि त्यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांची. ट्रीमध्ये, म्हणजे मुळापासून फांद्या फुटत जाणाऱ्या रचनेत, हे मुळापर्यंतच्या वाटेपुरतं मर्यादित राहतं: समतोल ट्रीत लाख पानं असतील तर वाटेवर साधारण सतरा नोड. ते सतरा नवे, बाकी सगळे जुन्या आणि नव्या आवृत्तीत सामायिक. पण ओळीने शब्दाकडे आणि शब्दाने ओळीकडे बोट दाखवलं की वर्तुळ तयार होतं, आणि वर्तुळातला एक नोड बदलला की अख्खं वर्तुळ नवं करावं लागतं. म्हणून नियम असा: मालकीचे दुवे ट्रीसारखे खाली जाणारे ठेवा, बाकी सगळे दुवे क्रमांकाने ठेवा आणि मॅपमधून (क्रमांकावरून किंवा शब्दावरून नोंद काढून देणाऱ्या रचनेतून) शोधा. प्रत्येक वेळी थोडा लॉगरिदमिक खर्च (वरच्या सतरा पायऱ्यांसारखा) येतो. तो द्या आणि पुढे चला.

आता पहिली मुलगी, ओळींचा तक्ता. माझा सल्ला: तो ठेवूच नका.

मजकूर एका लांबलचक स्ट्रिंगऐवजी ट्रीमध्ये ठेवा. पानांमध्ये मजकुराचे तुकडे, आतल्या प्रत्येक नोडवर त्याच्या खालच्या मजकुराचं माप: किती बाइट, किती कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), किती ओळी. ‘४७,०००वी ओळ कुठे सुरू होते’ असं विचारलं की मुळापासून खाली उतरायचं. डाव्या फांदीत तेवढ्या ओळी आहेत का? असतील तर डावीकडे वळा, नसतील तर डावीकडच्या ओळी वजा करून उजवीकडे. उलटा प्रश्न, म्हणजे ‘हा बाइट कितव्या ओळीत’, त्याच वाटेने सुटतो. एखादं पान बदललं तर वाटेवरचे सतरा नोड तसेही नव्याने बनणारच आहेत, त्यांची मापं बनतानाच बेरजेने निघतात. मेळ राखायला वेगळा कोडच लागत नाही. या कल्पनेची दोन रूपं प्रसिद्ध आहेत: बोएम, ॲटकिन्सन आणि प्लास यांचा १९९५चा रोप, आणि हिंत्सं व पॅटरसन यांचं २००६चं फिंगर ट्री. हॅस्केलच्या कंटेनर्स या पॅकेजमधला सिक्वेन्स फिंगर ट्रीच आहे, पण त्यात माप म्हणून फक्त लांबी आहे. स्वतःचं माप लावायचं तर फिंगरट्री नावाचं वेगळं पॅकेज घ्यावं लागतं.

अट एकच. दोन तुकड्यांच्या मापांवरून जोडलेल्या तुकड्याचं माप निघालं पाहिजे, आणि शेजारचे कोणतेही तुकडे आधी जोडले तरी उत्तर एकच आलं पाहिजे. रिकाम्या तुकड्याचंही माप धरलं की गणितवाले याला मोनॉइड म्हणतात. बाइट आणि कोडपॉइंट यांची तर सरळ बेरीज. कंटाळवाणं काम, म्हणूनच भरवशाचं.

मराठीच्या संपादकात मात्र चौथं माप लागतं, वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरं, आणि तिथे मी स्वतः सपशेल आपटलो होतो. ‘महाराष्ट्र’ हाच शब्द घ्या. यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची रूढ पद्धत) मध्ये ३० बाइट, १० कोडपॉइंट, आणि वाचणाऱ्याच्या लेखी चार अक्षरं: म, हा, रा, ष्ट्र. युनिकोडच्या अक्षरतुकड्यांच्या नियमाने पूर्वी सहा व्हायची, कारण ष्, ट् आणि र वेगवेगळे मोजले जात. जोडाक्षर न तोडण्याचा नियम १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. त्यामुळे तुमच्या लायब्ररीत युनिकोडची कोणती आवृत्ती आहे हे आधी तपासा, नाहीतर बाण दाबल्यावर कर्सर ष्ट्रच्या मध्ये थांबेल आणि दोष तुम्ही ट्रीला द्याल.

तर, अक्षरांचं माप. मला वाटलं सोपं आहे: प्रत्येक तुकड्यासाठी अक्षरांची संख्या ठेवू, शिवाय दोन खुणा. तुकडा मात्रेने किंवा हलन्ताने सुरू होतो का? तुकडा व्यंजन आणि हलन्तावर संपतो का? जोडताना बेरीज करायची आणि सांध्यावर अक्षर जुळत असेल तर एक वजा. ‘महाराष्’ आणि ‘ट्र’ जोडून बघितलं: ४ अधिक १ वजा १, म्हणजे ४. बरोबर. खूश होऊन पुढच्या कामाला लागलो.

मग क्विकचेक लावलं. क्लासेन आणि ह्यूज यांनी २००० साली दिलेलं हे साधन आपोआप शेकडो उदाहरणं बनवून नियम तपासतं, आणि चूक सापडली की उदाहरण लहान करत करत आणून हातात ठेवतं. माझ्या हातात आलं ते तीन तुकड्यांचं: ‘क’, ‘्’, ‘ष’. आधी पहिले दोन जोडा: ‘क्’, अक्षर एक, शेवटी व्यंजनावरचा हलन्त. त्याला ‘ष’ जोडला की क्ष, एकच अक्षर. आता आधी शेवटचे दोन जोडा: सुटा हलन्त आणि ‘ष’. हलन्ताच्या आधी व्यंजन दिसत नाही, म्हणून दोन वेगळी अक्षरं. त्याच्या डावीकडे ‘क’ आणून जोडला की हलन्त ‘क’ला चिकटतो, १ अधिक २ वजा १, उत्तर दोन. तोच मजकूर, एका क्रमाने एक अक्षर, दुसऱ्या क्रमाने दोन. म्हणजे माझं माप मोनॉइड नव्हतंच. ट्री तर स्वतःच्या सोयीने फांद्या फिरवत असतं. कर्सर कधी बरोबर जागी, कधी एक घर पुढे. हाताने तपासून ही चूक मला जन्मात सापडली नसती.

यावर दोन उपाय. एक, मापात ‘सुरुवातीच्या चिन्हांचा निर्णय अजून बाकी आहे’ अशी आणखी अवस्था ठेवायची. ते जमतं, पण डोकं शिणतं आणि सहा महिन्यांनी वाचणारा शिव्या घालतो. दुसरा, जो मी घेतला: पान अक्षराच्या मध्ये कधी तोडायचंच नाही. एक ओळ म्हणजे एक पान, आणि ओळ फारच लांब असेल तर ती स्पेसच्या आधी तोडायची. आधी, नंतर नाही. कारण स्पेसनंतर चुकून आलेली सुटी मात्रा त्या स्पेसलाच चिकटते, तर स्पेसच्या आधी अक्षर नेहमी पूर्ण झालेलं असतं. कोणी मात्रेपासून सुरू होणारा मजकूर चिकटवला तर शेजारचं पान घेऊन, एकत्र करून, पुन्हा तोडायचं. मग अक्षरांचीही सरळ बेरीज. अवघड मापापेक्षा नीट तोडलेली पानं परवडतात.

दुसरी मुलगी, शब्दसूची. ही मापासारखी वर वर चढत नाही. मुळाशी पोचेपर्यंत प्रत्येक नोडवर शब्दांचे ढीगच्या ढीग साठतील. म्हणून ती बाहेर, स्वतंत्र मॅपमध्ये: शब्दावरून ओळींचा संच. आणि ती फेरफाराने पुढे न्यायची. ओळ बदलली की जुन्या ओळीतले शब्द आणि नव्या ओळीतले शब्द असे दोन संच काढा. जे फक्त जुन्यात आहेत त्यांच्याकडून ही ओळ काढून टाका, जे फक्त नव्यात आहेत त्यांच्यात घाला. ‘पुस्त’पुढे ‘क’ टाइप केला तर एक शब्द गेला आणि एक आला, एवढंच काम. फाइल शंभर ओळींची असो की लाखाची, फरक फक्त लॉगरिदमचा.

इथे सगळ्यात जास्त लोक एकाच खड्ड्यात पडतात, आणि मीही पडलोय: संचात ओळीचा क्रमांक ठेवतात. फाइलच्या पहिल्या ओळीवर एंटर दाबा. खालच्या प्रत्येक ओळीचा क्रमांक एकाने वाढतो आणि शब्दसूचीतली जवळपास प्रत्येक नोंद खोटी ठरते. बदल एका ओळीचा, दुरुस्ती लाखाची. क्रमांक ही ओळीची ओळख नाही, तो तिचा आजचा पत्ता आहे.

मग ओळख कोणती द्यायची? नुसता चढता क्रमांक दिला, तयार झाली तशी एक, दोन, तीन, तर ओळख टिकते. पण ‘ही ओळ आज कितवी’ हे सांगता येत नाही, कारण आपल्या ट्रीत पानाकडून मुळाकडे जायची वाट नाही. तेव्हा अशी ओळख हवी जिचा क्रम मजकुरातल्या क्रमाशी जुळतो. पुन्हा गावाकडे चला. गट ४५ची फोड झाली की ४५/१, ४५/२ असे पोटहिस्से पडतात. त्यासाठी ४६पासून पुढच्या गावाचे नंबर कोणी बदलत नाही. ओळींनाही अशाच खुणा द्या, आकड्यांच्या छोट्या यादीच्या रूपात. ४५ आणि ४६च्या मध्ये नवी ओळ आली की तिची खूण ४५/५०. ४५ आणि ४५/५०च्या मध्ये आली तर ४५/२५. जागा संपली की आणखी एक पायरी खाली. खुणा शब्दकोशातल्या क्रमाने लावल्या की मजकुराचाच क्रम मिळतो.

एक बारकावा सांगतो, तो माझ्या लक्षात उशिरा आला. नवी खूण काढताना नेहमी मधला आकडा घेतला तर ५०, ७५, ८७, ९३, ९६, ९८, ९९ अशी सात ओळींतच जागा संपते आणि खुणा लांबत जातात. पण माणूस वरून खाली लिहितो. नवी ओळ बहुतेक वेळा नुकत्याच लिहिलेल्या ओळीच्या खालीच येते. म्हणून ४५/५० नंतर सरळ ४५/५१, मग ४५/५२. पुढची खूण ४६ असल्यामुळे वर मर्यादाच नाही, ४५/५०००पर्यंत खुशाल जा. अर्धं करायचं ते फक्त दोन्ही बाजूंनी कोंडी झाली तर.

आता या खुणेवरून ओळ शोधायची कशी? त्याच ट्रीत. मापात आणखी एक घर घाला: ‘या फांदीतली सगळ्यात उजवीकडची खूण’. जोडताना उजवीकडची जिंकते, उजवीकडे काहीच नसेल तर डावीकडची. हाही मोनॉइड, आणि हा खरोखरच आहे, मी तपासला. खूण हातात आली की मुळापासून तुलना करत उतरा, वाटेत डावीकडे सोडलेल्या ओळींची बेरीज करा, आजचा क्रमांक तयार. शब्दसूचीत फक्त खुणा राहतात. क्रमांक काढायचा तो शोधाच्या पट्टीत जे दहा-वीस निकाल दिसतात तेवढ्यांचा.

मोजदादीचा एक सापळा. वर मी दोन्ही बाजूंचे पूर्ण संच काढायला सांगितलं, त्यामागे कारण आहे. एखाद्याने हुशारी करून फक्त पुसलेला शब्द सूचीतून काढला, आणि त्याच ओळीत तो शब्द आणखी एकदा असेल, तर ओळ सूचीतून चुकीने गायब होते. ओळीच्या पातळीवर संचांनी काम केलं की हा प्रश्न येत नाही. पण ‘फाइलमध्ये एकूण वेगळे शब्द किती’ असलं काही ठेवायचं असेल तर प्रत्येक शब्दामागे संख्या ठेवा आणि ती शून्यावर आली तरच शब्द काढा. डेटाबेसच्या जगात गुप्ता, मुमिक आणि सुब्रमण्यन यांनी १९९३ साली साठवलेल्या व्ह्यूंसाठी (साठवून ठेवलेल्या क्वेरींच्या निकालांसाठी) हीच मोजणीची पद्धत मांडली. तिकडची माणसं हे दुखणं आपल्याआधीपासून सोसतायत.

टाइप करताना ‘पु’, ‘पुस’, ‘पुस्त’ असे अर्धवट शब्द सूचीत येत-जात राहतात, ते मला आवडत नाही. मी कर्सर ओळीवर असेपर्यंत त्या ओळीचा फेरफार प्रलंबित ठेवतो आणि शोध घेताना सूचीसोबत ती एक ओळ थेट वाचतो. ओळ सोडली की फेरफार मंजूर. हे केलंच पाहिजे असं नाही.

एवढं झाल्यावर तिन्हींचा मेळ तुटेल कुठून? कोणीतरी मजकूर बदलेल आणि शब्दसूचीला सांगायला विसरेल, तिथून. पूर्वी मी एका कामावर होतो तिथे ग्राहकावरून ऑर्डरी आणि ऑर्डरीवरून ग्राहक असे दोन मॅप होते. ते बदलणारा कोड तीन ठिकाणी होता. चौथं ठिकाण मी लिहिलं आणि त्यात एकच मॅप बदलला. भाषा शुद्ध फंक्शनल, टाइप सगळे चोख, कंपायलरने एक शब्द काढला नाही. म्हणून दस्तऐवजाचा कन्स्ट्रक्टर (रेकॉर्ड थेट बनवणारं साधन) मॉड्यूलच्या बाहेर देऊ नका. बाहेर द्या ती तीन फंक्शनं: मजकुरापासून दस्तऐवज बनवणारं, फेरफार लागू करणारं, आणि प्रश्न विचारणारं. आत शिरायला दार एकच असलं की विसरायला जागा राहत नाही.

आणि तुमचा आताचा हळू कोड फेकू नका! तो सोन्यासारखा आहे. तीच तुमची व्याख्या. क्विकचेकला सांगा: कुठलाही मजकूर घे, त्यावर कुठलेही फेरफार कर, शेवटी फेरफारांनी पुढे आलेली शब्दसूची आणि मजकुरापासून शून्यातून बांधलेली शब्दसूची सारखीच आली पाहिजे. तुलना करताना खुणांऐवजी ओळींचे क्रमांक काढून घ्या, कारण शून्यातून बांधताना खुणा वेगळ्या पडतात. या एका चाचणीने जेवढ्या चुका पकडल्यात तेवढ्या हाताने लिहिलेल्या चाचण्यांनी मला कधी पकडून दिल्या नाहीत. रिकामी ओळ, शेवटची ओळ पुसणं, दोन ओळी जोडणं, तेच तेच शब्द असलेली ओळ, ही सगळी उदाहरणं न सांगता येतात.

हॅस्केलच्या आळसाबद्दल, म्हणजे उत्तर लागेपर्यंत गणित पुढे ढकलण्याच्या सवयीबद्दल. डेटा-मॅपचं आळशी रूप वापरलं तर मॅपचा सांगाडा लगेच तयार होतो, पण आतल्या किमती (व्हॅल्यू) ‘नंतर करू’ म्हणून लटकत राहतात. कोणी तासभर टाइप करतंय आणि एकदाही शोध घेत नाही. प्रत्येक शब्दामागे न सोडवलेल्या कामांची साखळी वाढत जाते, तिला धरून जुने संच मेमरीत अडकतात, आणि पहिल्यांदा शोध घेतला की सगळी थकबाकी एकदम वसूल होते. वापरणाऱ्याला वाटतं शोध हळू आहे. मॅपचं स्ट्रिक्ट (गणित लगेच करणारं) रूप घ्या आणि रेकॉर्डमधली घरंही स्ट्रिक्ट करा. उलट, जे क्वचितच विचारलं जातं आणि मजकुरातून एका दमात निघतं, उदाहरणार्थ वाचायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज, ते मुद्दाम आळशी घरात ठेवा. विचारलं तर त्या आवृत्तीसाठी एकदाच निघेल, नाही विचारलं तर फुकट. फक्त ते जुन्या आवृत्तीच्या उत्तरावर आधारू नका, नाहीतर पुन्हा तीच साखळी.

तिन्ही गोष्टी एकाच किमतीत (व्हॅल्यूत) असल्यामुळे अनडू फुकट मिळतं: जुनं मूळ धरून ठेवायचं, बस. मजकूर आणि शब्दसूची दोघी एकाच क्षणाच्या असतात. सी++मधल्या पॉइंटरवाल्या रचनेत हेच करताना प्रत्येक फेरफाराचा उलटा फेरफार लिहावा लागला असता, दोन्ही बाजूंसाठी.

पडद्याबद्दल दोनच वाक्यं. दिसणाऱ्या चाळीसेक ओळी घ्या आणि प्रत्येक पान आधीच्या आवृत्तीतलंच आहे का हे मेमरीतल्या जागेवरून तपासा. तेच असेल तर आतला मजकूर न वाचता पुढे जा, सामायिक रचनेचा हा मोठा फायदा आहे. एल्म भाषेतलं लेझी (न बदललेला भाग पुन्हा न काढणारं फंक्शन) याच तत्त्वावर चालतं, आणि तिथे एक गंमत होते: रेकॉर्डमध्ये तीच किंमत पुन्हा घातली तरी रेकॉर्ड नवा बनतो आणि तुलना फसते. म्हणून काहीच बदललं नसेल तर जुनाच रेकॉर्ड परत द्यायची सवय लावून घ्या.

‘शब्दसूचीत शब्द बदलला की मजकुरात सगळीकडे बदलावा’ अशी इच्छा पुढे नक्की होईल. दोन्हीकडून बदलता येणाऱ्या रूपांवर बँसियॉन आणि स्पिरातोस यांनी १९८१ साली डेटाबेसच्या संदर्भात लिहिलं, पुढे २००५च्या सुमारास फोस्टर, पिअर्स आणि सहकाऱ्यांच्या कामातून लेन्स (दोन्ही बाजूंनी चालणारी फंक्शनं) आले. त्यांचे दोन मुख्य नियम घरगुती भाषेत असे: जसं बघितलं तसंच परत ठेवलं तर काही बदलू नये, आणि जे ठेवलं तेच पुन्हा बघताना दिसावं. पण तुम्हाला इतक्या लांब जायची गरज नाही. सूचीतला बदल म्हणजे मजकुरावरच्या फेरफारांची यादी, असं भाषांतर करा आणि त्याच एका दारातून पाठवा. आठ-अवर थेट पेन चालवायचं नाही.

तयार लायब्ररी घ्यावी का? ओकॅमल भाषेत जेन स्ट्रीट कंपनीची इन्क्रिमेंटल ही लायब्ररी आहे. ती आजार, ब्लेलॉक आणि हार्पर यांच्या २००२पासूनच्या कामाच्या वाटेवरची. कोणतं गणित कशावर अवलंबून आहे याचा आलेख ती ठेवते आणि बदललेल्याच्या पुढचं तेवढंच पुन्हा काढते. स्प्रेडशीटसारखं काही करत असाल, शेकडो किमती एकमेकींवर लांबलचक साखळीने टेकलेल्या असतील, तर जरूर घ्या. दोन मुलींसाठी नको. शिवाय तिच्या आत बदलणारी अवस्था असते आणि एका वेळी एकच ‘आत्ता’ असतो. जुन्या आवृत्तीवर जायचं तर मूळ किंमत परत बसवून पुन्हा गणित करून घ्यावं लागतं, म्हणजे वर जे अनडू फुकट मिळालं ते गेलं.

राहिला आयओरेफ. एक लागेलच: सध्याचा दस्तऐवज कोणता, हे सांगणारा, कार्यक्रमाच्या अगदी बाहेरच्या कडेला. तिथे काही गैर नाही. मजकुराला एक, तक्त्याला एक, सूचीला एक असे तीन ठेवलेत तर मात्र एक बदलून झालाय आणि दुसरा व्हायचाय अशा क्षणी दुसऱ्या थ्रेडने (समांतर चालणाऱ्या कामाने) डोकावलं की जुना मजकूर आणि नवी सूची. जे दुखणं टाळायला फंक्शनल भाषा घेतली तेच पाहुणं म्हणून घरात.

बदलणारी अवस्था जिथे खरंच उपयोगी पडते ती जागा वेगळी आहे: फाइल पहिल्यांदा उघडताना. लाख ओळी एकेक फेरफार म्हणून आत ढकलू नका. प्रत्येकीसाठी वाटेवरचे नोड नवे करून लगेच टाकून देणं निव्वळ उधळपट्टी आहे. ओळी वाचा, खुणा १००, २००, ३०० अशा मोकळ्या देत जा, शब्द-खूण जोड्या एका बदलत्या ॲरेत भरून एसटीच्या (हॅस्केलमधल्या, बाहेर न दिसणाऱ्या बदलांच्या बंदिस्त जागेच्या) आत क्रमाने लावा, आणि क्रमवार यादीवरून थेट मॅप बांधणारं फंक्शन वापरा. ते एका फेरीत समतोल ट्री उभं करतं. क्लोजर भाषेवाले अशा कामासाठी ट्रान्झियंट (तात्पुरती बदलता येणारी रचना) वापरतात, हेतू तोच. क्रम मात्र नीट लागलाय याची खात्री करा, कारण कंटेनर्सचं ते फंक्शन क्रम तपासत नाही. चुकीच्या क्रमाची यादी दिली तर मॅप निमूट बनतो, आणि नंतर ‘पुस्तक’ शोधलं की सापडत नाही.